जळलेली पवनचक्की पुन्हा दळते, तिला नकली कशी म्हणायची?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात नॉटिंगहॅमच्या ग्रीन्स विंडमिलबद्दल एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं. इंग्लंड फिरून आलेले गृहस्थ दिसतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की दोनशे वर्षांची पवनचक्की म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून बघायला गेलो, आत गेल्यावर कळलं की 1947 ला आग लागून सगळं खाक झालं होतं आणि आता जे फिरताना दाखवतात ते 1980 नंतर बसवलेलं आहे, म्हणजे हा सिनेमाचा सेट झाला, याला ऐतिहासिक कशाला म्हणायचं. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी याच शहरात राहतो, आणि कराडजवळ आमची घरची पिठाची गिरणी होती, वडिलांनी आयुष्यभर तीच चालवली, त्यामुळे दळणाच्या विषयावर कोणी काही बोललं की मध्ये पडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्यांनी दिलेली माहिती खरी आहे हे आधीच सांगतो. नॉटिंगहॅममधल्या स्नेंटनच्या टेकडीवर 1807 मध्ये जॉर्ज ग्रीन नावाच्या बेकरीवाल्याने ही विटांची पवनचक्की बांधली. बेकरी चालवायची तर पीठ लागणार, ते दुसऱ्याकडून घेण्यापेक्षा आपणच दळू असा सरळ धंद्याचा हिशोब. त्याचा मुलगाही जॉर्ज ग्रीनच, त्याच्याकडे नंतर येतो. 1860 च्या दशकात चक्की बंद पडली, मग कित्येक वर्षं नुसती उभी. 1920 च्या दशकात एका स्थानिक वकिलाने ती विकत घेऊन डोक्यावर तांब्याचं झाकण बसवलं म्हणून निदान पाऊस आत जायचा थांबला, नाहीतर तेव्हाच संपली असती. पुढे जागा भाड्याने गेली ती पॉलिश बनवणाऱ्याकडे! लाकडी मजले, लाकडी जिने आणि वर पॉलिशचा माल, म्हणजे 1947 ला काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. विटांचा मनोरा तेवढा राहिला. 1970 च्या दशकात युनिव्हर्सिटीतल्या मंडळींनी पुढाकार घेऊन फंड उभा केला, 1979 मध्ये चक्की विकत घेऊन नॉटिंगहॅम सिटी कौन्सिलच्या ताब्यात दिली, 1980 च्या दशकात आतलं सगळं पुन्हा उभं केलं आणि पीठ पडायला लागलं.

म्हणजे भिंत जुनी आणि मशीन नवं, कबूल. पण यावरून नकली ठरवायचं तर पवनचक्की मुळात डिझाइन कशी केलेली असते ते बघायला पाहिजे, आणि ते त्या पत्रात कुठेच नव्हतं.

वरून सुरुवात करू. पाती लांबून सपाट फळ्यांसारखी दिसतात पण तशी नसतात, त्यांना पीळ असतो, दांड्याजवळ कोन जास्त आणि टोकाकडे कमी कमी होत जातो, कारण टोक जोरात फिरतं आणि मूळ सावकाश, त्यामुळे दोघांना वारा वेगवेगळ्या बाजूने लागतो. चक्कीवाल्यांना हे अनुभवाने माहीत होतंच, पण जॉन स्मीटन नावाच्या इंजिनिअरने छोटं मॉडेल करून, ते एका लांब दांड्यावर गरागरा फिरवून कुठल्या कोनाला किती ताकद मिळते ते मोजलं आणि 1759 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलं, त्याबद्दल त्याला कॉप्ली मेडल मिळालं. आज साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर जी पाती फिरतात त्यांच्यातसुद्धा तोच पीळ आहे. शिवाय पात्यांचा मुख्य शाफ्ट आडवा सपाट नसतो, पुढून थोडा वर उचललेला असतो, म्हणजे पाती खाली रुंद होत गेलेल्या मनोऱ्याला घासत नाहीत आणि एवढं वजन मागच्या बेअरिंगवरही टेकतं.

पूर्वी पात्यांच्या जाळीवर कापड पसरायचे, जहाजाच्या शिडासारखं. वारा वाढला की चक्की थांबवायची, एकेक पातं खाली आणायचं आणि पावसात भिजत हाताने कापड गुंडाळायचं, मग पुढचं पातं. विल्यम क्युबिटने यावर जो उपाय काढला त्याचं पेटंट 1807 चं, म्हणजे ही चक्की उभी राहिली त्याच वर्षाचं. कापडाऐवजी पात्यात खिडकीच्या झडपांसारख्या झडपांची रांग, सगळ्या झडपा एका दांड्याला जोडलेल्या, तो दांडा पोकळ शाफ्टमधून आरपार मागे जातो, तिथून साखळी खाली, साखळीला वजनं. किती वजन लावायचं ते चक्कीवाल्याने ठरवायचं. वाऱ्याचा झोत वजनापेक्षा भारी झाला की झडपा आपोआप उघडतात, जास्तीचा वारा निघून जातो, झोत ओसरला की वजन झडपा मिटवतं. चक्की चालू असताना कुणाला वर चढावं लागत नाही. कसली भारी आयडिया आहे बघा, ना वीज ना सेन्सर.

मनोऱ्याच्या डोक्यावर पात्यांसकट फिरणारी टोपी असते, तिच्या मागे छोटा पंखा दिसतो तो शोभेचा नाही हे पण सांगून ठेवतो, कारण पोरं त्याच्यापुढे सेल्फी काढतात आणि त्याला डेकोरेशन समजतात. त्याला फॅनटेल म्हणतात, एडमंड ली नावाच्या माणसाचं 1745 चं पेटंट. पाती वाऱ्याच्या बरोबर समोर असली की फॅनटेल गप्प असतो, कारण तो पात्यांना काटकोनात बसवलेला असतो. वाऱ्याने दिशा बदलली की त्याला वारा कडेने लागतो, तो फिरायला लागतो, आणि गिअरमधून आख्खी टोपी, पाती, शाफ्ट सगळं मिळून कित्येक टनांचा डोलारा अगदी सावकाश वाऱ्याकडे तोंड करतो. पंख्याचे ढीगभर फेरे होतात तेव्हा कुठे टोपी थोडीशी सरकते. याची गरज काय तर वारा मागून आला की पवनचक्कीचा खेळ खल्लास. बकिंगहॅमशायरमध्ये पिटस्टोनला एक जुनी पवनचक्की आहे, तिचं 1902 मध्ये असंच झालं, वादळ पाठीमागून आलं आणि तिचं एवढं नुकसान झालं की दळण कायमचं थांबलं.

आता आत या. पात्यांचा शाफ्ट टोपीत येतो, त्यावर माणसापेक्षा उंच दातेरी चाक, त्याच्याच घेराभोवती ब्रेक. हे चाक खालच्या आडव्या चाकाला फिरवतं, तिथून उभा खांब मजल्या-मजल्यांतून खाली, मग एक मोठं चाक आणि त्याच्याकडून दगडांना फिरवणारी छोटी चाकं. बाहेर पाती मिनिटाला बारा-पंधरा फेरे घेत असली तर वरचा दगड शंभरच्या पुढे जातो. जवळून बघायची गोष्ट म्हणजे या चाकांचे दाते. एक चाक बिडाचं, त्याचे दाते बिडाचेच, पण त्याच्याशी भिडणाऱ्या चाकाचे दाते लाकडी असतात, बऱ्याचदा सफरचंदाच्या लाकडाचे, एकेक वेगळा कोरून खाचेत ठोकून बसवलेला. लोखंडावर लोखंड घासलं तर ठिणगी, आणि गिरणीत सगळीकडे पिठाची धूळ उडत असते, ती पेट घेते. दुसरं म्हणजे आवाज कमी होतो. आणि तिसरं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, काही अडकलं तर लाकडी दाता मोडतो, महागडं चाक वाचतं, मोडलेला दाता काढून नवा ठोकला की दुपारी परत दळण सुरू.

म्हणजे काय मोडणार, काय झिजणार आणि काय बदलावं लागणार हे चक्की डिझाइन करणाऱ्यानेच आधी ठरवून ठेवलेलं होतं. दाते बदलायचे, झडपा बदलायच्या, पात्यांचं लाकूड वीस-तीस वर्षांत कुजतं ते बदलायचं, दगडाला टाकी लावत राहायचं, म्हणजे झिजलेल्या खाचा पुन्हा कोरायच्या. 1807 ची चक्की 1857 ला बघितली असती तरी तिच्यात अर्धं सामान नवंच सापडलं असतं.

आमच्या गिरणीचंच घ्या. मोटर दोनदा जळून दुसरी बसवली, पट्टे तर किती बदलले त्याचा हिशोबच नाही, दगड झिजून पातळ झाले की नवी जोडी यायची, शेवटी पत्र्याचं शेडसुद्धा नवीन बांधलं. गावातलं कोणी कधी म्हणालं नाही की ही आता तुमची जुनी गिरणी राहिली नाही, दळण दुसरीकडे टाकतो. दळण गरम येतंय एवढी तक्रार मात्र लगेच यायची, की समजायचं टाकी लावायची वेळ झाली. इथे इंग्लंडमध्येही दगडाला टाकी लावायची पद्धत डिट्टो तीच आहे. वरचा जवळपास टनभराचा दगड उचलून उलटा करायचा, पालथं पडून छिन्नीसारख्या हत्याराने खाचा परत खोल करायच्या, तासन् तास. चांगल्या पिठाचे दगड पॅरिसजवळच्या खाणीतून यायचे, ते एकसंध नसतात, तुकडे एकमेकांना चिकटवून बाहेरून लोखंडी पट्टा आवळलेला असतो. जनावरांच्या खाण्यासाठी भरडायला जवळच्या डर्बीशायरमधले करडे दगड चालायचे. दाणे वरच्या हॉपरमधून एका तिरक्या लाकडी खोक्यात येतात आणि दगडाबरोबर फिरणारा एक दांडा त्या खोक्याला सारखा ठोकत राहतो, खड खड खड, प्रत्येक ठोक्याला थोडे दाणे दगडाच्या भोकात पडतात. दगड जोरात फिरला तर ठोके वाढतात आणि दाणेही जास्त पडतात. हॉपर रिकामा व्हायला आला की घंटी वाजते, कारण दगड कोरडा फिरला तर खालच्या दगडाला घासून ठिणग्या उडतील. दोन दगडांमधली फट सांभाळायला गोल गोळ्यांचा गव्हर्नर असतो, म्हणजे वेग बघून आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा, वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि वरचा दगड किंचित खाली येतो. इंजिनिअरिंगला हा गव्हर्नर आपल्याला वॉटच्या स्टीम इंजिनच्या धड्यात शिकवतात, पण वॉटच्या आधी तो पिठाच्या चक्कीत होता, थॉमस मीडचं पेटंट 1787 चं आहे. ही गोष्ट आमच्या सरांनी कधी सांगितली नाही, त्यांना तरी कुठे माहीत असणार.

आता कोणी म्हणेल की थोडं थोडं बदलणं वेगळं आणि सगळं एकदम नवं बसवणं वेगळं. बरोबर आहे, त्यावर हेकिंग्टनचं उदाहरण देतो. लिंकनशायरमध्ये हेकिंग्टनला 1830 ची पवनचक्की आहे, तिला मुळात पाच पाती होती. 1890 मध्ये वादळात टोपी आणि पाती गेली, आतल्या मशिनचीही वाट लागली. जॉन पॉकलिंग्टन नावाच्या माणसाने लिंकनशायरमधल्याच बोस्टनजवळची बंद पडलेली आठ पात्यांची दुसरीच चक्की लिलावात घेतली होती, तिची टोपी, पाती, मशीन सगळं उतरवलं आणि 1892 पर्यंत हेकिंग्टनच्या मनोऱ्यावर चढवलं. एकाचं धड आणि दुसऱ्याचं डोकं! आज आठ पात्यांची उभी असलेली ती ब्रिटनमधली एकमेव चक्की आहे, तिला बघायला लोक लांबून येतात, सरकारी यादीत तिला वरचा दर्जा आहे. गृहस्थांच्या हिशोबाने ती पण नकलीच म्हणायची का? पॉकलिंग्टनला म्युझियम करायचं नव्हतं, त्याला दळायचं होतं, आणि चक्की वाचली ती त्यामुळेच.

या देशात जुन्या वास्तूंबद्दल भांडणारी एक जुनी संस्था आहे, विल्यम मॉरिस वगैरे मंडळींनी 1877 मध्ये काढलेली. त्यांचा मूळ राग होता तो रिस्टोरेशनच्या नावाखाली जुनं खरवडून काढणाऱ्यांवर, चर्चच्या भिंती घासूनपुसून मनाला येईल तसं 'जुनं' बनवणाऱ्यांवर. दुरुस्त करा, पण जुन्याचं सोंग आणू नका, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटतं. पण याच संस्थेने 1931 मध्ये पवनचक्क्यांसाठी खास विभाग सुरू केला आणि आजही ती मंडळी चक्क्या चालत्या ठेवायच्या मागे असतात. यात विसंगती वाटेल, पण नाही. बंद चक्की फार लवकर मरते. पाती एकाच जागी थांबली की वर राहणाऱ्या बाजूवरच पाणी साचतं आणि लाकूड तिथूनच आत कुजत जातं, टोपी जाम होते, कबुतरं शिरतात, बेअरिंगचं ग्रीस वाळतं, आणि एक दिवस वादळात सगळा डोलारा खाली येतो. फिरत्या चक्कीकडे रोज कोणीतरी कान देऊन असतं, कुठे कुरकुर वाढली ते त्याला लगेच कळतं.

अर्थात सगळ्यांना एकच औषध नाही. वर पिटस्टोनचं नाव आलं, ती चक्की एका जाडजूड खांबावर तोललेली आहे, म्हणजे नुसती टोपी नाही तर आख्खं लाकडी घरच वाऱ्याकडे वळवायचं. तिच्या लाकडावर 1627 साल कोरलेलं आहे. ती 1937 मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आली आणि 1963 पासून व्हॉलंटिअर लोकांनी सुट्टीच्या दिवशी काम करून ती दुरुस्त केली. तिथे मूळ लाकूड हाच पुरावा आहे, करवतीच्या आणि सुताराच्या खुणा त्यावर आहेत, तिला रोज पोत्यांनी दळायला लावणं म्हणजे तो पुरावा झिजवणं, तिथे मी म्हणेन हात आखडता घ्या. पण स्नेंटनला आगीनंतर आत झिजवायला काही उरलंच नव्हतं! उरला होता तो मनोरा, टेकडी, वारा आणि चक्की कशी चालते याचं ज्ञान. मग त्या रिकाम्या मनोऱ्यात कॉफी शॉप टाकायचं की पुन्हा दळण सुरू करायचं? त्यांनी दळण निवडलं, माझ्या मते एकदम योग्य केलं. इंग्लंडमध्ये अशा मनोऱ्यांची राहायची घरं झालेली पण बघायला मिळतात.

वाऱ्याचं पण सांगायला हवं, कारण नुसतं मशीन जपून भागत नाही. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये 1816 ची चक्की आहे, अ‍ॅशबी घराण्याची. आजूबाजूला घरं वाढत गेली, वारा अडला, 1862 मध्ये त्यांनी धंदा दुसरीकडे हलवला, आणि 1902 मध्ये परत तिथे दळायला आले तेव्हा इंजिन लावून. मशीन धडधाकट होतं, वाराच गेला होता. स्नेंटन टेकडीवर असल्याने वाचलं, पण शहर चारी बाजूंनी चिकटलेलं आहेच, समोर कोणी टॉवर उभा केला तर काय, ही काळजी मला आगीपेक्षा जास्त वाटते. जुन्या चक्कीबद्दल पत्र लिहायचं तर याबद्दल लिहा ना.

आणि आता धाकटा जॉर्ज ग्रीन. बीएस्सी मॅथ्स किंवा इंजिनिअरिंग केलेल्या तुमच्या प्रत्येक वाचकाने ग्रीन्स थिअरम घोकलेला आहे, पंधरा मार्कांना हमखास यायचा, तो ग्रीन हाच. शाळा जेमतेम वर्षभर, मग बापाच्या बेकरीत आणि नंतर या चक्कीवर. नातेवाइकाने लिहून ठेवलंय की हे काम त्याला नकोसं व्हायचं. व्हायचंच, कारण वारा रात्री दोनला सुटला तर रात्री दोनला दळायला लागतं, आम्हाला निदान लोडशेडिंगचं टाइमटेबल तरी मिळायचं. 1828 मध्ये त्याने वीज आणि चुंबकत्वावरचा तो निबंध स्वतःच छापून काढला, साडेसात शिलिंग किंमत, आधी पैसे भरणारे एक्कावन्न वर्गणीदार, त्यातल्या किती जणांनी पहिलं पान ओलांडलं देव जाणे. पुढच्या वर्षी बाप गेला, चक्कीतून मोकळा झाला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला, आणि 1841 मध्ये वारला. आपल्या कामाचं काय होणार आहे हे त्याला कधीच कळलं नाही. 1845 मध्ये विल्यम थॉमसनच्या म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनच्या हातात तो निबंध पडला आणि त्याने तो पुन्हा छापवून युरोपभर पोचवला. आज क्वांटम मेकॅनिक्सवाल्यांचं ग्रीन्स फंक्शनशिवाय पान हलत नाही.

ही चक्की वाचली ती या ग्रीनमुळे. इंग्लंडात विटांचे असे मनोरे बरेच पडून गेले, त्यांच्यासाठी कोणी फंड काढला नाही. कंटाळून ज्या कामातून तो निसटला तेच काम त्याच्या नावाने परत सुरू झालं, हे त्याला बघायला मिळालं असतं तर खो खो हसला असता.

त्या गृहस्थांची अर्धी गोष्ट मात्र मला मान्य आहे. नवं बसवलं तर नवं म्हणून सांगितलं पाहिजे, जुन्या लाकडाचा रंग फासून गंडवायला नको. माझं तर मत आहे की बदललेल्या प्रत्येक मोठ्या तुकड्यावर साल कोरूनच ठेवावं, पात्यावर, खांबावर, चाकावर, म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्याला विचारत बसावं लागणार नाही. पिटस्टोनवाल्याने 1627 कोरलं म्हणूनच आज आपण ते साल एवढ्या छातीठोकपणे सांगतो.

तुमच्या वाचकांपैकी कोणी इकडे येणार असेल तर वारा असलेला दिवस बघून या, वेळ आधी तपासून निघा, दुरुस्ती चालू असेल किंवा हवा पडलेली असेल तर पाती फिरत नाहीत, मग उगाच हिरमोड. जिने उभे आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर खालचाच मजला बघा. आणि तिथलं दगडावर दळलेलं पीठ विकत मिळतं ते घ्या. पोळ्यांना चालतं, फक्त कणीक नेहमीपेक्षा थोडी सैल भिजवायची आणि अर्धा तास झाकून ठेवायची, नाहीतर लाटताना कडा फाटतात.

आपला,
एक वाचक, नॉटिंगहॅम (मूळचा कराडचा)